दोन घरचा मेजर

डेन्व्हरला आमच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांना आम्ही घरात 'मेजर' म्हणतो. हुद्दा खरा आहे, फक्त अर्धवेळ. एरवी ते एका विमान कंपनीत इन्स्ट्रक्टर आहेत. उडता येणाऱ्यांना ते पुन्हा उडायला शिकवतात, तेही जमिनीवर. सहा यांत्रिक पायांवर डोलणारी एक बंद खोली असते, तिचं नाव सिम्युलेटर. ती रात्रंदिवस चालते. त्यामुळे पहाटे दोनला मेजरांची गाडी निघाली की आम्ही समजतो, आज कुणाचं तरी इंजिन जाणार. टेकऑफला जिथून मागे फिरता येत नाही, नेमकं तिथे हा माणूस एका बोटाने इंजिन पेटवून देतो आणि कॉफीचा घोट घेतो. समोरचा चुकलाच, तर बटण दाबून विमान पुन्हा धावपट्टीच्या तोंडाशी.

शनिवारी हेच मेजर हिरवा पोशाख चढवून शंभरेक किलोमीटरवरच्या कोलोरॅडो स्प्रिंग्सला जातात. तिथे पीटरसन तळावर हवाई दलाच्या राखीव दलाची ३०२ एअरलिफ्ट विंग आहे आणि तिची सी-१३० विमानं. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे, असा हा मामला. निदान भरती होताना तसंच सांगतात. पण वैमानिकाचा हात बसलेला राहायला उड्डाणं जास्त लागतात. म्हणून मेजरांचा शनिवार कधीकधी बुधवारीही येतो.

कंपनी काही बोलू शकत नाही. १९९४ च्या कायद्याने राखीव सैनिकाची नोकरी साधारण पाच वर्षांपर्यंतच्या सेवेसाठी सुरक्षित आहे. रजा मागायची नाही, नुसती कळवायची. हे ऐकून मला हेवा वाटला. पुण्यातल्या नोकरीत चार दिवसांच्या रजेसाठी मी एकाच आजीला दोनदा पोचवलं होतं.

गंमत पुढेच आहे. गुरुवारी मेजरांनी सिम्युलेटरमध्ये एका कॅप्टनला घाम फोडला, 'पुन्हा करा' म्हणून दोनदा परत पाठवलं. शनिवारी तळावर तोच गृहस्थ कर्नलच्या वेशात समोर. मेजरांनी कडक सलाम ठोकला. कर्नलसाहेबांनी मेजरांच्या कागदांवरून सावकाश नजर फिरवली आणि म्हणाले, "पुन्हा करा."

उन्हाळ्यात मात्र थट्टा थांबते. जंगलांना वणवे लागले की त्यांच्या विंगेच्या विमानांत टाक्या बसवतात. तीन हजार गॅलन आगरोधक द्रव, जमिनीपासून जेमतेम दीडशे फुटांवरून, पाच सेकंदांत ओतायचा. तिथे बटण नसतं. परत आल्यावर मेजर त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. फक्त पुढचा आठवडाभर अंगणातली बार्बेक्यूची शेगडी पेटवत नाहीत.

मागच्या वर्षी साताऱ्याहून आई आली होती. तिचं माहेर अपशिंग्याचं. त्या गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागतं, त्यामुळे फौजेतली माणसं तिला नवी नाहीत. महिनाभर खिडकीतून मेजरांची ये-जा पाहून ती म्हणाली, "आपल्याकडं फौजेतला माणूस सुट्टी मिळाली की घरी येतो. ह्यो सुट्टी मिळाली की फौजेत जातो. मग घरी कधी येतो?"

हे मी भाषांतर करून मेजरांच्या बायकोला सांगितलं. ती हसली नाही. आत जाऊन फ्रिजवरचं कॅलेंडर घेऊन आली. निळ्या खुणा कंपनीच्या, हिरव्या तळाच्या. उरलेल्या पांढऱ्या चौकोनांत मेजर झोपलेले असतात.

दुसऱ्या दिवशी त्या फ्रिजवर लाल शाईत एक हुकूम लागला : 'महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे. ठिकाण : घर.'

मेजरांनी तो उभ्यानेच दोनदा वाचला. मग टाचा जुळवून विचारलं, "हजर किती वाजता व्हायचं?"