खुणेच्या वर दीड वीत

सांगलीत ऑगस्ट महिन्यात कुणी कुणाला 'कसं काय' म्हणत नाही. 'आयर्विनला किती?' असं विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल. तिथलं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. आणि त्याच्या पलीकडे गेलं की मेव्हणा आठवतो, कारण तो मिरजेत राहतो.

२०१९ साली मी त्याच्याकडे निघताना घाबरलो नव्हतो. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे, आणि सांगलीकराचा त्या खुणेवर पंचांगापेक्षा जास्त विश्वास. हत्यारांची पेटी मी मुद्दाम खुणेच्या वर दीड वीत, फळीवर ठेवली. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. खूण आणि दीड वीत, दोन्ही पाण्याखाली.

परत आलो तेव्हा घरभर घोटाभर गाळ. बायकोनं क्रम ठरवला : "आधी धान्य, मग गाद्या, मग तुमची लोखंडं." ही 'लोखंडं' म्हणजे वडिलांचा रंधा, पटाश्या, करवत, पाने, पक्कड आणि एक ड्रिल मशीन. वीस वर्षांत मी त्यांच्याकडून जेवढं काम करून घेतलं, त्यापेक्षा जास्त त्यांच्याबद्दल बोललो होतो. पेटीचं झाकण उघडून ड्रिल तिरकं केलं, तर त्यातून चहाच्या किटलीसारखी धार लागली.

पहिली चूक लगेच केली. सगळी हत्यारं बाहेर काढून ओळीनं मांडली आणि गाद्यांकडे वळलो. गढूळ पाण्यात होती तोवर ती बऱ्यापैकी काळीसावळी होती; दुपारपर्यंत केशरी झाली. ओलं लोखंड मोकळ्या हवेत आलं की गंजाला मुहूर्त लागत नाही. मग शहाणपण आलं. एक हत्यार घ्यायचं, स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, लगेच पुसायचं, तेल लावायचं, मग दुसऱ्याला हात. ज्यांची पाळी आली नव्हती ती स्वच्छ पाण्याच्या बादलीत परत बुडवून ठेवली. बुडालेल्यांना वाचवायला पुन्हा बुडवतोय हे बघून बायको काही बोलली नाही, पण बादली तिची होती.

केशरी झालेल्यांसाठी व्हिनेगर लागणार होतं. चायनीजच्या गाडीवाल्याकडून दोन बाटल्या आणल्या. रात्रभर पाने त्यात भिजवले, सकाळी तारेच्या ब्रशनं घासले, सोड्याच्या पाण्यात बुचकळून आंबटपणा मारला आणि कोरडे करून मशीनचं तेल लावलं. एक कानस मात्र त्यात विसरलो. चौथ्या दिवशी आठवण झाली तोवर व्हिनेगरनं गंज संपवून कानशीलाच सुरुवात केली होती.

मुलानं पुण्याहून डब्ल्यूडी-४० चा डबा पाठवला. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोत काही मंडळी धातूवरून पाणी हटवणारं रसायन करायला बसली; एकोणचाळीस वेळा जमलं नाही, चाळिसाव्यांदा जमलं, म्हणून नावात ४०. पुढे ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून वापरलं. आमच्याकडे ते पकडीच्या सांध्यात गेलं. एकोणचाळीस वेळा चुकूनही नाव झालेल्या माणसांबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

पुराचा फायदा झाला तो फक्त हातोडीला. बारा वर्षं तिचं डोकं दांड्यावर डुगडुगत होतं. दांडा पाणी पिऊन फुगला आणि डोकं असं घट्ट बसलं की मी ती चार लोकांना दाखवून आलो. आठवड्यानं लाकूड सुकलं. पाचव्या माणसाला दाखवताना डोकं उडून तुळशीवृंदावनाला लागलं. दांडे सावलीत सावकाश सुकवून जवसाचं तेल पाजायचं असतं, हे त्या पाचव्या माणसानंच सांगितलं.

ड्रिलचं प्रकरण मोठं. अर्धी गल्ली म्हणाली, तांदळात ठेवा. आमचे तांदूळच पुरात भिजलेले. त्यांना ठेवायला कोरडं ड्रिल नव्हतं. शेजारचे आण्णा म्हणाले, "एकदा प्लग लावून तर बघा की!" नशिबानं गल्लीत वीज नव्हती. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिक्सर, पंप आणि गिरणीच्या मोटारी रांगेत होत्या, त्यांच्यामागे मी. मिस्त्री म्हणाले, "उघडा, आणि आधी स्वच्छ पाण्यानं धुवा." पाण्यात बुडालेलं यंत्र पाण्यानं? "पाणी सुकतंय हो. गाळ बसतो, तो ओल धरतो आणि बेअरिंग खातो." कार्बन ब्रश काढले, आर्मेचर धुतलं, आठवडाभर सुकवलं. मग त्यांनी मेगर लावला. हे यंत्र पाचशे व्होल्टचा दाब देऊन वाइंडिंगमधून वीज कुठे गळते का ते बघतं. काटा एक मेगाओमच्या खाली असता तर ड्रिल भंगारात जाणार होतं. मुलाच्या दहावीच्या निकालाला मी एवढा श्वास रोखला नव्हता. काटा वर गेला. नवं ग्रीस, नवे ब्रश, आणि ड्रिल घरघरलं. मुलाचा बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर मात्र मिस्त्रींनी हातातही घेतला नाही. "लिथियमची बॅटरी भिजलेली. चार्जिंगला लावू नका, घरात ठेवू नका." तो कुंपणापाशी एकटाच बसला, सुतक पाळत असल्यासारखा.

सगळा संसार गच्चीवर गोणपाटावर मांडला आणि चूक क्रमांक दोन झाली : गच्ची शेजारच्या तीन गच्च्यांवरून दिसते. पहिल्या दिवशी पलीकडच्या वहिनींना त्यांची सांडशी सापडली. दुसऱ्या दिवशी गंज उतरलेल्या मोठ्या पान्यावर ठोकलेली अक्षरं वर आली. ती आण्णांच्या वडिलांच्या नावाची होती. आमच्याकडे तो पाना 'बाबांचा' म्हणून दोन पिढ्या नांदत होता. तिसऱ्या दिवशी आण्णा स्वतःच वर आले, ड्रिल हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाले, "हे आमचं. गणपतीच्या मखराला नेलं होतंत. छान केलंत हो दुरुस्त."

मी त्यांच्या कमरेला खोचलेल्या पकडीकडे बघितलं. निळी मूठ, एका बाजूला जळलेली. ती मी जाळली होती.

पकडीबद्दल मी काही बोललो नाही, रिवाइंडिंगच्या बिलाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

पुढल्या आठवड्यात भिंतीवर नवी खूण करायची ठरली. पेन्सिलीवर आता कुणाचा विश्वास नव्हता. पितळेची पट्टी स्क्रूनं बसवायची होती. ड्रिल मागायला आण्णांकडे गेलो. त्यांनी ते कापडात गुंडाळून दिलं आणि दारापर्यंत आले.

"न्या की. पण ठेवताना पट्टीच्या वर ठेवा."

"किती वर?"

"माळ्यावर," आण्णा म्हणाले. "आमच्या."