डॅशबोर्डवरचा काजवा

मे संपत आला की मुंबई-पुण्याच्या गाड्या भंडारदऱ्याला काजवे पाहायला सुटतात. आमच्या गाडीने यंदा ही सोय घोटीतच करून दिली. डॅशबोर्डवर एक पिवळा काजवा लागला: मधे गोल, दोन्ही बाजूंना तुटके कंस.

मंडळींनी तातडीने कारवाई केली. गाण्याचा आवाज वाढवला.

"सेन्सरच खराब असतो हो," मागच्या सीटवरून तज्ज्ञ अहवाल आला. खरं तर या दिव्यामागे मोठा त्याग असतो. नवा ब्रेक पॅड दहा-बारा मिलिमीटर जाड. झिजत झिजत तो तिनाच्या आसपास आला की आत पुरलेली बारीक तार चकतीवर घासून तुटते. जीव देऊन निरोप पोचवते बिचारी! त्या हौतात्म्यावर आम्ही आदरपूर्वक काळी चिकटपट्टी लावली. पॅडचा खर्च हजारांत, पट्टी घरचीच.

हे तंत्र पाटबंधारे खात्यानेही घ्यावं. १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण, आणि तिथे अजून पाण्याची पातळी मोजत बसतात. मोजपट्टीवर चिकटपट्टी लावली की प्रवरेला पूर येईलच कशाला?

अंधार पडल्यावर शेंडी गावाच्या पुढे उतारावर एका वनरक्षकाने हात केला. "दिवे बंद करा, काजव्यांना त्रास होतो." एक तर आम्ही आधीच बंद केला होता.

लखलखणाऱ्या सादड्याकडे बोट दाखवत तो म्हणाला, "इथेच थांबवा, हेच झाड बघायचं."

आम्ही ते पाहिलं. त्याच्या पुढची तीनही पाहिली.