शिकारीचं पहिलं सामान

दिवाळीचा बोनस हातात पडला की सातपूर-अंबडच्या पोरांचे फोन सुरू होतात. "काका, जंगलात फिरायला सुरुवात करायचीय. आधी काय घेऊ? सहाशेची लेन्स घेतली तर?" लेन्सच्या मागोमाग सगळी यादीच येते. लष्करी चट्ट्यांचे कपडे, पट्ट्याला लटकवायचा सुरा, डोळे दिपवणारा टॉर्च. ही यादी परदेशातल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघून केलेली असते. तिकडे परवाना काढून माणसं सांबराएवढ्या जनावरामागे आठ-आठ दिवस डोंगरात राहतात. त्यांना ते सामान लागत असेल. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आज बिबट्या मारणाऱ्याला किमान तीन वर्षांची कैद आहे.

बंदूक गेली, पण शिकार गेली असं मला वाटत नाही. कायद्यातली शिकारीची व्याख्या एकदा वाचाच. मारणं, पकडणं, सापळा लावणं यात येतंच. हाका घालणं, आमिष दाखवणं, पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही त्यात येतं. घरट्यासमोरची फांदी दोरीने बाजूला बांधून पिलांचे फोटो काढणारा माणूस कायद्याच्या लेखी शिकारी आहे, मग त्याचा फोटो कितीही सुंदर येवो. निफाड-सिन्नरच्या उसातून निघालेल्या बिबट्यामागे गाडीचे दिवे टाकत धावणारे तरी दुसरं काय करतात? हाकाच तो. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला, तेव्हा बघ्यांची गर्दी उसळली आणि बिथरलेल्या जनावराने काही जणांना जखमी केलं. त्यांत बातमीसाठी गेलेले पत्रकारही होते.

म्हणून माझं उत्तर दरवर्षी तेच असतं: आधी दुर्बीण. कॅमेरा दोन वर्षांनी.

दुर्बीण घेताना आकड्यांना भुलू नका. रस्त्यावर मिळणारी वीस पट, पन्नास पट मोठं दाखवणारी दुर्बीण हातात स्थिर राहत नाही. पक्षी थरथरतो आणि तासाभरात डोकं दुखतं. ८x४२ मागा. आठ म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठने भागा, सव्वापाच येतात. तेवढ्या रुंदीचा प्रकाश डोळ्यात उतरतो. पहाटेच्या धूसर उजेडात पाण्यावरचं बदक थापट्या आहे की चक्रवाक, हे त्यावर ठरतं. दहा पटीच्या दुर्बिणीत हा आकडा ४.२वर येतो, दिसणारा पट्टाही अरुंद होतो, आणि नवशिक्याला उडता पक्षी त्यात सापडतच नाही. पैसे कमी असतील तर जुन्या घडणीची, खांदे बाहेर काढलेली दुर्बीण घ्या. स्वस्तात तीच जास्त स्वच्छ दाखवते.

बाकीच्या सामानाला फार पैसे लागत नाहीत. बांधावर दव आणि चिखल असतो, त्याला कापडी हंटर बूट पुरतात. कपडे मातकट, पांढरं काही नको. कानटोपी मात्र हवीच, कारण हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यात तळाशी असतो.

आणि वही. वहीवाचून जाऊ नका. सालिम अलींच्या हातातलं पहिलं सामान छर्ऱ्याची बंदूक होतं. लहानपणी त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथल्या मिलार्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे त्या मुलासमोर उघडले. पुढचं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नातून निघालं. तुमचा असा प्रश्न वहीत उतरवा: डाग कुठे, चोच कशी, पाय कोणत्या रंगाचे. नाव रात्री घरी चितमपल्लींच्या 'पक्षिकोशा'त शोधा.

हे सगळं घेऊन नांदूरमध्यमेश्वरला या. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणी २०२०च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, आणि अजून कित्येक नाशिककरांनी ते पाहिलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. चापडगावच्या मनोऱ्यावर गावातलीच पोरं गाईड म्हणून असतात. त्यांचं ऐका. बदकांनी माना ताठ केल्या की ती उडायच्या बेतात आहेत. तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. ती पुन्हा चरायला लागली तर तुमचं अंतर बरोबर.

रविवारी पहाटे साडेपाचला मी सीबीएसवर उभा असेन. दुर्बीण नसली तरी या. माझी आहे, आळीपाळीने बघू.