पोरांचं डिपॉझिट देऊन टाका

म्युनिक,
१९ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,

पत्र पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहोत. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि व्हॉट्सॲपवर चार ओळींच्या वर काही आलं की न वाचताच अंगठा पाठवता, म्हणून कागद काढला. आईकडून कळलं की कोथरूडच्या फ्लॅटमधली ती दोन पोरं जागा सोडून गेली आणि तुम्ही त्यांच्या डिपॉझिटमधून रंगाचे, गिझरचे आणि भिंतीतल्या खिळ्यांचे पैसे कापायला बसला आहात. एका खिळ्याचा भाव काय लावलात ते आईला सांगता आलं नाही, तिला हसू आवरत नव्हतं. बाबा, मी इथं आल्यापासून भाडेकरू आहे आणि ऑगस्टपासून थोडीशी घरमालकीणही झाले आहे. दोन्ही बाजूंनी बोलायचा मला अधिकार आहे. तेव्हा चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

या देशाचा जीवच मुळी अनामत रकमेत अडकलेला आहे. पाण्याची प्लास्टिकची बाटली घ्या, वर २५ सेंट अनामत. बिअरची काचेची बाटली असेल तर ८ सेंट. दुकानातली ढकलगाडी हवी तर आधी तिच्या तोंडात नाणं घाला. नाताळच्या बाजारात गरम वाइन प्यायची तर वाइनबरोबर मगाचेही पैसे मोजा, मग परत केला की ते परत. तुमचे जावई दर शनिवारी दोन पिशव्या रिकाम्या बाटल्या घेऊन सुपरमार्केटात जातात, तिथल्या यंत्राला त्या भरवतात आणि आलेली चिठ्ठी काउंटरवर देऊन पैसे खिशात घालून येतात. तुमच्या नातवाची समजूत आहे की बाबांना पगार तिथंच मिळतो.

बाटलीचं ठीक आहे, यंत्र बाटलीवर चरा आहे का ते बघत नाही. घराच्या डिपॉझिटचं तसं नसतं. त्यासाठी इथल्या नागरी संहितेत एक सबंध कलम आहे, ५५१ क्रमांकाचं, आणि तुमच्या जावयांना ते रामरक्षेसारखं पाठ आहे. तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. भाडं म्हणजे नुसत्या जागेचं; हीटिंग, पाणी, कचरा त्यात धरायचं नाही. भाडेकरूनं मनात आणलं तर ते तीन मासिक हप्त्यांत देता येतं. आणि मालकानं ते पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे, बँकेत ठेवायचे. त्यावरचं व्याज भाडेकरूचं.

हे शेवटचं वाक्य आईला मोठ्यानं वाचून दाखवा. तुमच्याकडचं डिपॉझिट कुठं असतं ते आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या भाडेकरूचं बाल्कनीच्या ग्रिलमध्ये होतं.

गिरगावच्या आत्याला मी हे कलम फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मी थट्टा करतेय. तिच्या लेकानं ‘हेवी डिपॉझिट’वर जागा घेतली होती ना, एकरकमी लाखो रुपये द्यायचे आणि भाडं काही नाही? सोडायची वेळ आली तेव्हा मालक म्हणाला, पुढचा भाडेकरू पैसे देईल तेव्हा तुम्हाला देतो. म्हणजे पैसे होतेच कुठं? आपल्याकडेही केंद्र सरकारनं २०२१ साली आदर्श भाडेकरार कायदा काढला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे. पण तो नमुना. घ्यायचा की नाही ते राज्यांनी ठरवायचं. त्यामुळे तुम्ही लगेच घाबरू नका.

आणि इथं कायदा आहे म्हणून सगळं सुरळीत चालतं असंही समजू नका. आम्ही घर बदललं तेव्हा हप्त्यांचं कलम पाठ असूनही तुमच्या जावयांनी नव्या घराचं डिपॉझिट एकरकमी भरलं. का? तर जागा बघायला आलेल्या लोकांची रांग जिन्यावरून खाली फुटपाथपर्यंत गेली होती. त्या रांगेत उभं राहून ‘मला कायद्यानं तीन हप्ते मिळतात’ असं म्हणणाऱ्याला घर मिळत नाही, शुभेच्छा मिळतात. त्यातून जुन्या घरात अडकलेलं डिपॉझिट अजून सुटलेलं नव्हतं. पुढचे काही महिने आमच्याकडे दोन घरांची डिपॉझिटं होती आणि स्वयंपाकघर नव्हतं. हो, इथं बऱ्याच घरांत ओटाही आपला आपण आणायचा असतो. नळाचा पाइप भिंतीतून डोकावत असतो, तेवढंच स्वयंपाकघर.

जुनं घर सोडतानाचा प्रसंग तुम्ही बघायला हवा होता. तुम्हाला घरमालकीणबाई फार आवडल्या असत्या. सत्तरीच्या बाई, हातात बॅटरी आणि कागद लावलेली एक लाकडी पाटी. आधी नळ. म्युनिकचं पाणी क्षारांचं, नळाला पांढरी पुटं चढतात. आम्ही आदल्या दिवशी व्हिनेगर लावून घासले होते, सबंध घराला लोणच्याच्या बरणीचा वास येत होता. मग खिडक्यांची रबरं, बुरशीसाठी. इथं हिवाळ्यात दिवसातून दोनतीनदा खिडक्या सताड उघडून घरात वारा खेळवायचा असतो, नाहीतर कोपरे काळे पडतात आणि मग मालक म्हणतो तुम्ही खिडक्या उघडल्या नाहीत, भाडेकरू म्हणतो तुमची भिंतच ओली. बाईंनी मला विचारलं, तुम्ही भात कशात शिजवता? कुकरच्या वाफेवर त्यांचा आधीपासून संशय होता. मग मीटरचे आकडे, मग किल्ल्या. किल्ल्या तर दोनदा मोजल्या. एक जरी कमी भरली तर सबंध इमारतीची कुलपं बदलण्याची भाषा होते. कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलंय की कुलपं खरोखर बदलली तरच तो खर्च मागता येतो, पण किल्ल्या मोजल्या जात असताना हे आठवत नाही.

एवढं होऊन बाई हॉलमध्ये आल्या. तिथं लाकडी फरशीवर वीतभर लांब चरा. तुमच्या जावयांचा चेहरा उतरला. बाईंनी आम्ही राहायला आलो त्या दिवशीचा कागद काढला. त्यावर त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं, ‘हॉल, खिडकीजवळ, चरा’. खाली दोघांच्या सह्या. बाईंनी त्यापुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या खोलीत गेल्या. त्याचा एक सेंट कापला नाही. मला त्या क्षणी बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. खडूस, हो, कुकरच्या बाबतीत तर अन्यायीच. पण कागदावर जे आहे ते आहे.

बाबा, तुमच्याकडे असा कागद नाही, हेच माझं म्हणणं आहे. तुमच्याकडे आठवण आहे, आणि तुमच्या आठवणीत तो फ्लॅट अजून वास्तुशांतीच्या दिवसाचाच आहे. भिंती पांढऱ्याशुभ्र, दारात झेंडूचं तोरण. त्या पोरांना तुम्ही जागा दिलीत तेव्हा रंगाला सात वर्षं झाली होती, मीच आले होते बघायला. इथं २०१५ साली कार्ल्सरूहच्या त्याच न्यायालयानं निकाल दिला की घर रंग न देता भाड्यानं दिलं असेल तर सोडताना भाडेकरूकडून रंग मागता येत नाही. उलट त्याच्या दोन वर्षं आधी दुसरा निकाल आहे: पांढऱ्या भिंती घेऊन कुणी लाल, पिवळ्या, निळ्या रंगवून परत केल्या, तर भरपाई द्यायची. दोन्ही न्याय्यच आहेत की. पोरांनी तुमच्या भिंती निळ्या केल्या का? नाही ना? मग सोडा.

गिझरचं तर बोलूच नका. तो गिझर माझ्या लग्नाच्या आधीचा आहे. इथं नुकसानभरपाई मोजताना वस्तूचं वय वजा करतात. जुन्या वस्तूच्या बदल्यात नवी कोरी मागता येत नाही, तिची राहिलेली किंमत तेवढी मागायची. तुमच्या गिझरची राहिलेली किंमत भंगारवाला सांगेल. आणि खिळे! भिंतीला नेहमीच्या बेतानं पडलेली भोकं हा घर वापरण्याचाच भाग, असं इथली न्यायालयं मानतात. पोरांनी एक कॅलेंडर आणि एक घड्याळ लावलं, त्यात बेताबाहेरचं काय झालं?

आता रूममेट मंडळींचं. तुमचा खरा घोळ तिथंच होणार आहे, कारण ती पोरं दोन गेली पण मधल्या काळात चार येऊन गेली, असं आई म्हणाली. तुमच्या जावयांची आखेनची कथा ऐका. शिकत असताना चौघं मराठी मुलं एका फ्लॅटमध्ये, करारावर चौघांच्या सह्या, डिपॉझिट एकच. मालकाचं सरळ होतं: करार संपेल तेव्हा पैसे, मधे कोण आला कोण गेला त्याच्याशी मला देणंघेणं नाही. मग पोरांनी पद्धत पाडली की जाणाऱ्याला त्याचा वाटा येणाऱ्यानं द्यायचा. छान चाललं. पहिल्या वर्षी कोल्हापूरच्या एकानं तापलेला तवा ओट्यावर ठेवला, काळं गोल वर्तुळ उमटलं. त्यावर त्यानं कुंडी ठेवली. वर्षभरानं नोकरी लागून तो श्टुटगार्टला गेला, येणाऱ्याकडून आपला वाटा पुरा घेऊन. पुढचा गेला, त्याच्या पुढचा गेला, कुंडी जागची हलली नाही. शेवटी घर सोडलं तुमच्या जावयांनी. मालकानं कुंडी उचलली.

तेव्हा या माणसाला पोळी लाटताही येत नव्हती, बाबा. तव्याचे पैसे त्यानं भरले. कोल्हापूरकर आमच्या लग्नात येऊन जिलबी हाणून गेला, विषय निघाला नाही. ह्यांनी मात्र अजून सोडलेलं नाही. कुणाच्याही घरी गेलो की ओट्यावरची कुंडी जरा सरकवून बघतात.

तेव्हा तुमच्या पोरांपैकी कुणी कुणाला किती दिलं ते आधी विचारा. नाहीतर शेवटच्या दोघांना तुम्ही पहिल्या दोघांचं बिल लावाल. पुढच्या वेळी मात्र एक जण बदलला की त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून घर बघायचं, फोटो काढायचे, जे काही मोडलंय ते जाणाऱ्याच्या वाट्यातून तिथंच वळतं करायचं. 

आता आमच्या घरमालकपणाबद्दल. नव्या घरात एक खोली जास्तीची होती आणि भाडं झेपेना, म्हणून मालकाची लेखी परवानगी काढून ती एका नाशिकच्या मुलाला दिली. इथं मास्टर्स करायला आलाय. बिचारा आधीच पोळलेला. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवायचे, त्यातून दरमहा ठरावीकच सुटतात. वर इंटरनेटवर एका सद्गृहस्थानं त्याला गाठलं होतं: फ्लॅट सुंदर, भाडं निम्मं, मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल. त्याच्या आईनं विचारलं, माणूस लंडनला तर किल्ली तिथं काय करतेय? तेवढ्यानं वाचला.

त्याच्याकडून डिपॉझिट किती घ्यायचं यावर घरात दोन रात्री चर्चा झाली. मी म्हटलं, आपलाच मुलगा आहे, एक महिन्याचं घेऊ. हे म्हणाले, त्यानं सिंक फोडलं तर मालक त्याला ओळखत नाही, आपली मानगूट धरणार. शेवटी दोन महिन्यांचं, हप्त्यांत. कलम ५५१ आम्हालाही लागू, म्हणून ह्यांनी वेगळं बचत खातं उघडलं आणि त्यावर मुलाचं नाव लिहून ठेवलं.

पोरगं तयारीचं निघालं. बूट काढायच्या आधी त्यानं खोलीचे फोटो काढले. टेबलावरचा चरा, कपाटाची सैल बिजागरी, गादीवरचा चहाचा डाग. हे बाजूला उभे राहून म्हणत होते, तो डाग जुना आहे हो. तो म्हणाला, हो काका, म्हणूनच.

तेव्हापासून ह्यांचा स्वभाव पालटलाय. मुलगा मिसळ करायला लागला की हे पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जातात आणि ओट्याकडे बघून येतात. परवा हळद सांडली तर ह्यांनी फडकं इतक्या चपळाईनं आणलं की मला क्षणभर तुम्हीच दिसलात. इतके दिवस बाईंच्या बॅटरीला नावं ठेवणारा माणूस काल दुकानात बॅटऱ्यांचे भाव बघत होता. दुसऱ्याचे पैसे हाताशी असले की माणसाला डाग दिसायला लागतात, असं मी म्हटलं तर रागावले.

जुन्या बाईंकडून पैसे आले बरं का. हीटिंगचा वर्षाचा हिशेब व्हायचाय म्हणून ३०० युरो राखून ठेवलेत, बाकी सगळे आले, व्याजासकट. व्याजात आम्ही दोघं एकेक कॉफी प्यायलो. तुमच्या नातवाला सरबत आमच्या खिशातून.

तर पोरांना फोन करा आणि हिशेब मिटवा. विजेचं शेवटचं बिल बाकी असेल तर तेवढं जरूर कापा, पावती दाखवून. आईस साष्टांग नमस्कार. तिला सांगा, भाजणी पोचली, चकल्या झाल्या, तळताना खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या.

तुमची,
लेक

ता. क. नाशिकच्या मुलाचा धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला येतोय, त्याला आणि त्याच्या मित्राला कोथरूडला जागा हवी आहे. त्याच्या आईचा फोन आला होता. तुमचा फ्लॅट रिकामा झालाय हे मी सांगून टाकलं. डिपॉझिट दोन महिन्यांचं, हप्त्यांत, पैसे वेगळ्या खात्यात, आणि गिझर नवा, असंही सांगितलंय. ते रविवारी बघायला येतील. फोटो काढतील, रागावू नका.