अदमासराव

लग्नकार्य निघाले की यजमानाच्या भोवती जी मंडळी आपोआप जमा होतात, त्यांत मुहूर्ताची चिकित्सा करणारे असतात, मानापानाचे दप्तर राखणारे असतात, आणि प्रत्येक जिन्नस आपण निम्म्या दराने आणला असता असे तो जिन्नस घरात येऊन पडल्यावर सांगणारेही असतात. परंतु ज्याचा शब्द मुदपाकखान्यात अखेरचा मानला जातो, असा गृहस्थ या सर्वांत एकच असतो. तो बहुधा एखाद्या कचेरीतून हिशेबनिसाच्या जागेवरून निवृत्त झालेला असतो, त्याच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा असतो, आणि समोरच्या मनुष्याकडे पाहताना त्याची नजर चेहऱ्यावर न थांबता थेट पोटावर स्थिरावते. सोयीसाठी आपण त्याला अदमासराव म्हणू.

कार्यालयाचे भाडे ऐकून यजमानाने स्वागतसमारंभ गावाबाहेरच्या एखाद्या आप्ताच्या शेतघरासमोर, मोकळ्या अंगणातच उरकण्याचे ठरविले, की अदमासरावांस सन्मानपूर्वक पाचारण होते. ते प्रथम निमंत्रणपत्रिका मागवितात आणि तीत छापावयाची वेळ मुक्रर करतात, कारण त्यांच्या मते अन्नखर्चाचा निकाल तेथेच लागतो. ‘सायंकाळी 5 ते 7’ असे छापले तर माणूस चहा-चिवड्यावर तृप्त होऊन आशीर्वाद देतो. ‘7 नंतर’ असे छापले की तोच माणूस दुपारपासून उपाशी राहण्यास प्रारंभ करतो. यजमानीणबाई मात्र ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्याने पाच वाजताचा मनसुबा उधळून लावतात, आणि अदमासराव एक सुस्कारा सोडून यादीकडे वळतात.

यादीचे वाचन हा त्यांच्या प्रतिभेचा खरा विलासकाल होय. नावे चारशे असली, तरी चारशे या आकड्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नसतो. कचेरीतली मंडळी एकाच पाकिटात सामुदायिक आहेर घालून येतात आणि भोजन मात्र व्यक्तिशः करतात, म्हणून त्यांची संख्या पूर्ण धरावयाची. शेजारी सहकुटुंब येतात, परंतु त्यांची मुले खेळण्यात दंग असल्यामुळे अर्धीच धरावयाची. दूरच्या नातलगांपैकी ज्यांच्याकडील कार्यास आपण गेलो नव्हतो, ते येत नाहीत, आणि आले तर ते दाखवून देण्यासाठी भरपूर जेवतात. दाट मुहूर्ताच्या दिवशी एकेका माणसाकडे चार-चार पत्रिका असतात, तो एके ठिकाणी जेवतो आणि उरलेल्या तीन ठिकाणी अक्षता टाकून निसटतो, हा सिद्धान्त त्यांनी इतक्या लग्नांत पारखून घेतला आहे की तिथी पाहूनच ते वजावटीचा आकडा सांगतात. अन्नटंचाईच्या दिवसांत पाहुण्यांच्या संख्येवर सरकारी निर्बंध असत, त्या काळाचा उल्लेख ते इतक्या हळवेपणाने करतात की ऐकणाऱ्यास तो रामराज्याचा वाटावा. 

बेताच्या बाबतीत त्यांचे विचार मूलगामी आहेत. पुरीला त्यांचा कट्टर विरोध आहे; तिला तेल लागते, लाटणारे हात लागतात, आणि उघड्यावर ती ताटापर्यंत पोहोचेतो चामट होते. श्रीखंडाचे नाव काढणाऱ्यास ते चक्क्याचा दर विचारतात. कोणा उत्साही भाच्याने ‘भेळ ठेवू या, स्वस्त आणि मस्त’ अशी सूचना केली, तेव्हा अदमासराव त्यास अंगणात घेऊन गेले, त्याच्या तळहातावर मूठभर कुरमुरे ठेवले आणि पश्चिमेच्या वाऱ्यास पुढील युक्तिवाद करू दिला. उरतात मसालेभात, बटाटेवडा, कोशिंबीर, जिलबी आणि मठ्ठा. किलोभर तांदळात दहा-बारा माणसे, किलोभर बटाट्यांत बेताच्या आकाराचे वीसेक वडे, मठ्ठा माणशी एक पेला. आणि माघातली थंडी असल्यामुळे दुसरा पेला कोणी मागत नाही, मात्र भूक तीच थंडी वाढविते, म्हणून मठ्ठ्यात वाचलेले भातात घालावयाचे. आचाऱ्याने आणलेल्या सामानाच्या यादीतून ते तूप, काजू आणि ‘वरखर्चाचे तेल’ अशा क्रमाने कात्री चालवितात. आचारीही ती कात्री गृहीत धरूनच यादी लिहितो, त्यामुळे दोघांच्या परस्परांविषयीच्या आदरास बाधा येत नाही. भट्ट्यांना वारा लागू नये म्हणून तीन बाजूंनी पत्रे उभे करणे, जिलबीची परात रांगेच्या अगदी शेवटच्या टोकास ठेवणे आणि तिच्यापाशी स्वभावाने करारी असा वाढपी नेमणे, ही व्यवस्था ते जातीने पाहतात. 

एवढी तजवीज करणारा पुरुष तारखेची निवड दैवावर कशी सोपवील? विवाहास मुहूर्त लागतो. स्वागतसमारंभास लागत नाही. या सवलतीचा लाभ घेऊन एका कार्यात अदमासरावांनी समारंभासाठी नेमकी संकष्टी चतुर्थी सुचविली. उपवासाचे चाळीस लोक अलगद वजा झाले. ते येतील, आशीर्वाद देतील, आणि चंद्रोदय व्हावयाचा असल्यामुळे पाण्याच्या घोटावर घरी जातील. यजमानाने त्या रात्री त्यांचे पाय धरावयाचे तेवढे बाकी ठेवले.

परंतु कार्यालयात आणि मोकळ्या अंगणात एक मूलभूत भेद आहे, तो या गणितातून निसटला होता. कार्यालयात पंखे बंद होतात, खुर्च्या एकमेकींवर रचल्या जाऊ लागतात आणि पाहुणा समजतो. अंगणात त्यास जा म्हणणारे कोणीच नसते. हवा प्रसन्न, खुर्च्या ऐसपैस, विषय अनंत. उपवासाची मंडळी कोंडाळे करून बसली ती बसलीच. सुमारे नऊ वाजता अदमासरावांनी त्या कोंडाळ्याकडे पाहिले, नंतर पूर्वेकडे पाहिले, आणि त्यांच्या ध्यानात आले की पेठेतल्या घरांतून चंद्र दिसण्यास गच्चीवर जावे लागते, येथे मात्र तो सर्वांच्या डोळ्यांदेखत, कोणतीही आडकाठी न होता, थेट मांडवासमोर उगवणार आहे.

यानंतर त्यांनी जे केले, त्यावरूनच या मनुष्याची पारख करावयास हवी असे मला वाटते. ते मुकाट्याने शेतघराच्या मागील खोलीत गेले आणि गोणपाटाखालून पाच किलो निवडलेले तांदूळ व टोपलीभर तोंडली बाहेर काढून त्यांनी आचाऱ्याच्या स्वाधीन केली. हा साठा कोणत्याही यादीत नव्हता. यजमानाशी दोन-दोन रुपयांवरून हुज्जत घालणारा हा गृहस्थ प्रत्येक कार्यात असा साठा स्वतः आणून लपवितो, हे आचाऱ्यास ठाऊक होते. म्हणून त्याने काही न विचारता भट्टी मोठी केली. साडेनवाच्या सुमारास चंद्र उगवला, हात जोडले गेले, आणि चाळीस उपोषित जीव एकदिलाने रांगेत उभे राहिले. लसणामुळे वड्यांना कोणी स्पर्श केला नाही. कांदा-लसणावाचून केलेला वाफाळता मसालेभात मात्र तळाच्या खरवडीसकट संपला. करारी वाढप्याने अदमासरावांच्या खुणेवरून जिलब्या दोन-दोन वाढल्या.

दुसऱ्या दिवशी जमाखर्च रुजू करताना यजमानांचे बोट एका रकमेपाशी अडखळले.

“अहो, हे ‘किरकोळ’ म्हणून लिहिले आहे, ते कशाचे?”

“चंद्रोदयाचे,” अदमासराव म्हणाले, आणि ताडपत्रीच्या भाड्यात आचाऱ्याने एक दिवस जास्त कसा लावला आहे, ते समजावून सांगू लागले.