दुपारच्या काळोखातली तबकडी

हेलसिंकीत डिसेंबरच्या अखेरीस सूर्य साडेनऊच्या सुमाराला उगवतो आणि सव्वातीनला मावळतो. म्हणजे शुभंकरोतीची वेळ दुपारच्या चहाआधीच येऊन जाते. एवढ्या काळोखाचं माणसानं करावं काय? आपण घरात बसून हवामानाला नावं ठेवली असती. फिनिश माणूस कपाळाला दिवा बांधतो, पाठीवर पिशवी टाकतो आणि झाडीत प्लास्टिकच्या तबकड्या फेकायला जातो.

याला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फचाच प्रकार, फक्त चेंडूऐवजी तबकडी, खळग्याऐवजी साखळ्या टांगलेली लोखंडी टोपली आणि क्लबच्या मेंबरशिपऐवजी थर्मास. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत पाडायची. ही टोपली अमेरिकेतल्या एड हेडरिकची करामत. 1975 साली त्यानं कॅलिफोर्नियात पहिलं कायमचं मैदान आखलं. 2002 मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या काढण्यात आल्या. मेल्यानंतरही झाडात अडकून बसायची सोय दुसऱ्या कुठल्या खेळात असेल असं मला वाटत नाही.

बहुतेक तबकड्यांवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंग, वळण आणि शेवटची घसरण. जाणकार ते पत्रिकेतल्या ग्रहांसारखे वाचतात, आणि तबकडी पाइनच्या खोडावर आपटली की दोषही ग्रहांनाच देतात. रात्री ही चैन नाही. आकडेच दिसत नाहीत.

रात्रीच्या खेळात दोन पंथ आहेत. पहिला चमकणाऱ्या प्लास्टिकवाल्यांचा. तबकडी जांभळ्या अतिनील टॉर्चखाली धरायची, की काही सेकंदांत ती हिरवीगार पेटते. फेकल्यावर सुरेख दिसते, पण पहिला झगमगाट मिनिटा-दोन मिनिटांतच ओसरू लागतो. दुसरा पंथ एलईडीवाल्यांचा. इवलासा दिवा चिकटपट्टीनं तबकडीला लावायचा. तो विझत नाही, पण त्याच्या वजनानं तबकडीचं उडणं थोडं बदलतं. दोन्ही पंथ एकमेकांकडे देशस्थ-कोकणस्थांच्याच नजरेनं बघतात.

1957 साली अमेरिकेत वॅम-ओ कंपनीनं आपली पहिली प्लास्टिकची तबकडी विकायला काढली ती 'प्लूटो प्लॅटर' या नावानं. तेव्हा तिकडे उडत्या तबकड्यांचं वेड होतं. आमच्या कोकणात असलं हिरवं काही रात्री झाडांतून सरकताना दिसलं असतं, तर गावानं आधी चकवा म्हणून हात जोडले असते आणि सकाळी वेशीवर नारळ फुटला असता. इथे एक आजोबा कुत्रा घेऊन त्याच झाडीतून शांतपणे निघून जातात. कुत्राही भुंकत नाही.

अंधारात हा खेळ कानांनी खेळायचा असतो. 'खळ्ळ' म्हणजे साखळी, 'टक्' म्हणजे झाड. काहीच ऐकू आलं नाही तर बर्फ, आणि तेच सगळ्यात वाईट. भुसभुशीत बर्फात तबकडी आडवी शिरते आणि वर नुसती फट ठेवते. काही शहाणे तिच्या पोटाला रिबिनीचं शेपूट चिकटवतात, म्हणजे निदान शेपूट बाहेर राहतं. नियमानं शोधायला तीन मिनिटं मिळतात. सापडली नाही तर एक फेक दंड, आणि मागे जाऊन पुन्हा फेका. तीन मिनिटं! आमच्या घरात कपाळावर सरकवलेला चष्मा शोधायलासुद्धा याहून जास्त मुदत आहे.

पण खरी पंचाईत आहे कपाळावरच्या दिव्याची. मराठी माणसाला समोरच्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय बोलता येत नाही. मी 'वा, काय फेकलीस!' म्हणून कौतुकानं वळलो, की समोरचा सहकारी दिपून जागीच थांबतो. फिनिश लोक मुळात आपल्या बुटांकडे बघत बोलतात, तेही मोजकंच. हा दिवा जणू त्यांच्या स्वभावाचं माप घेऊनच केलाय. आमच्यात तो बांधून दोन माणसं नुसती गप्पा मारायला उभी राहिली तरी संध्याकाळपर्यंत डोळ्यांचा डॉक्टर गाठावा लागेल.

पुण्याहून नेमका अशाच वेळी आईचा फोन येतो.

"कुठे आहेस?"

"जंगलात. तबकड्या फेकतोय."

"किती वाजले तिकडे?"

"पाच."

"मग दिवसाढवळ्याच आहेस ना?"

"नाही गं, मिट्ट काळोख आहे."

थोडा वेळ शांतता. मग, "ऑफिसात सगळं ठीक आहे ना रे?"

तिला कसं सांगू, की ऑफिसातलेच लोक बरोबर आहेत. आणि हा काही चार वेड्यांचा उद्योगही नाही. ज्या नोकिया गावावरून आपल्या जुन्या फोनला नाव मिळालं, तिथे 'द बीस्ट' नावाचं मैदान आहे आणि त्यावर युरोपियन ओपन खेळली गेली आहे. तरबेज खेळाडूंची तबकडी ताशी शंभर किलोमीटरच्या वर जाते. म्हणून पुढच्या टोळीचे दिवे लांब गेल्याशिवाय कुणी फेकत नाही. रस्त्यावरच्या रहदारीत आपण इतकी वाट कधी बघितली आहे?

हिवाळ्यात इकडे आलात तर जरूर या. बहुतेक मैदानं फुकट आहेत, तबकडी माझ्याकडची देईन. दिवा तेवढा स्वतःचा आणा. आणि माझं कौतुक करायचं झालंच, तर बुटांकडे बघून करा.