जागा नाही, प्रीमियम आहे

मुंबईत घर महाग का, असं विचारलं की समुद्राकडे बोट दाखवायची पद्धत आहे. बेटच ते, जागा संपली! पण जागा वरच्या बाजूलाही असते, आणि तिथं समुद्र नाही. तिथं विकास नियंत्रण नियमावली आहे.

१९९१च्या नियमावलीनं मूळ एफएसआय ठरवला शहरात १.३३ आणि उपनगरात १. म्हणजे उपनगरात हजार फुटांच्या भूखंडावर बांधकाम हजार फूट. माणसं मात्र हवी तेवढी येऊ देत. खिडकीबाहेरचे फ्लॉवर बेड एफएसआयच्या मोजणीत धरत नसत, त्यामुळे बिल्डरांना एकाएकी फुलांचं वेड लागलं. ताबा मिळाला की गवंडी बोलवायचा, भिंत पाडायची आणि शेवंतीच्या जागी सोफा टाकायचा. २०१२ साली ही बागही मोजणीत आली. बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के जादा, म्हणजे फंजिबल, एफएसआय मिळाला, अर्थात प्रीमियम नावाचं शुल्क भरून.

जादा मजल्यांनी पाणी, गटारं, रस्ते यांवर ताण येतो, म्हणून बंधन. प्रीमियम भरला की ताण जातो. पावती फाडताच गटार रुंद होत असावं. चलन बिल्डर भरतो; हप्ते फेडतं चारशे फुटांतलं गिऱ्हाईक.

नियम सैल करायचं म्हटलं, की पहिली हरकत बाराव्या मजल्यावरून येते : "आमचा उजेड जाईल हो!" त्यांचा टॉवर उठला तेव्हा मागच्या चाळीचा गेला, तो कुणाच्या मोजणीत नव्हता.